सावडीचा गोल

ज्याने कधी हॉकी हातात धरली नाही तो सांगतो की हा अकरा जणांचा खेळ आहे. मी धरली आहे, म्हणून मी तसं म्हणत नाही. अकरा जण पळतात, घाम गाळतात, नडग्या फोडून घेतात, आणि शेवटी विचारणारा एवढंच विचारतो, गोल कोणी मारला? चेंडू कोणाकडून आला हे विचारणारा माणूस मला भेटला नाही. आता वय झालं, त्याची वाट पाहणंही सोडून दिलं आहे.

मी मुर्रीचा. गोंदिया आणि आमचं गाव यांच्यामध्ये तेव्हा नुसत्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं होती. बांधाबांधाने चालत गेलं की रूळ लागायचे, रूळ ओलांडले की लोकोशेड, आणि शेडच्या मागे मुरमाचं मैदान. ते रेल्वेचं मैदान होतं. आधी तिथे फक्त साहेबलोक खेळायचे. मग साहेबलोक कमी पडायला लागले आणि आमच्यासारख्यांची पाळी आली.

आमच्यासारखे म्हणजे मी आणि माझा शेजारी. त्याच्या घराची भिंत आमच्या घराला लागून, त्याच्या बांध्या आमच्या बांध्यांना लागून. जात एक, वय एक, दोघांच्याही घरी जेमतेम वर्ष निघेल एवढं धान. तो डाव्या कडेने धावायचा, लेफ्ट आऊट. मी त्याच्या आतल्या बाजूला, लेफ्ट इन. त्याचे पाय माझ्यापेक्षा वेगाने चालत, हे मी तेव्हाही कबूल करत होतो. पण कडेला धावणाऱ्याला चेंडू कोणीतरी द्यावा लागतो, आणि तो मी देत होतो. गोंदियाचे लोक आम्हाला ‘मुर्रीकी जोडी’ म्हणत. ऐकायला बरं वाटे. बैलांच्याही जोड्याच असतात हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

रेल्वेने आम्हाला हॉकीसाठी शेडमध्ये बदली खलाशी म्हणून ठेवलं होतं. दिवाळीनंतर मोसम सुरू झाला की घ्यायचं, मोसम संपला की ‘घर जाओ’ म्हणायचं. टीममधले बाकीचे सगळे पक्के नोकरदार होते, कोणी फायरमन, कोणी फिटर, कोणी मालधक्क्यावरचा बाबू. कच्चे आम्ही दोघंच. त्यामुळे आम्ही मैदानावर बेताने कधी खेळलोच नाही. पक्का माणूस पडला तर उठताना कपडे झटकतो. आम्ही पडलो की उठून आधी फोरमनसाहेबांकडे पाहत असू.

फोरमनसाहेब अँग्लो-इंडियन, टीमचे सर्वेसर्वा. माणूस वाईट नव्हता. शिव्या हिंदीत द्यायचा आणि शाबासकी इंग्रजीत, त्यामुळे आम्हाला शिव्या तेवढ्या समजायच्या.

त्या वर्षी मोसमाच्या सुरुवातीला आम्ही सपाटून हरलो. डोंगरगडने हरवलं, बालाघाटच्या पोरांनी हरवलं, आणि ज्यांना आम्ही खिजगणतीत धरत नव्हतो त्या तुमसरच्या टीमनेही आमच्या मैदानावर येऊन आमचं नाक कापलं. फोरमनसाहेब भडकले. दिवस बुडेपर्यंत मैदानाभोवती पळवू लागले, मुरमावर रांगायला लावू लागले. आणि पौष लागता लागता आम्ही जिंकायला लागलो. एक सामना, मग दुसरा, मग तिसरा. ज्यांनी हरवलं होतं त्या सगळ्यांना आम्ही परत गाठून हरवलं. विडी कारखान्यातून सुटलेले लोक सरळ मैदानावर यायला लागले, राइसमिलचे हमाल कोंड्याने पांढरे झालेल्या अंगानेच कडेला उभे राहू लागले. फोरमनसाहेब ज्याला त्याला सांगत, देखो, ट्रेनिंगसे क्या होता है.

ट्रेनिंगने काय होतं ते मला ठाऊक नाही. आमचं धान कापून, बांधून, चुरून, खळ्यावरून घरी आलं होतं, एवढं मला ठाऊक आहे. दिवाळीपासून आम्ही दोघं पहाटे विळा धरत होतो आणि दुपारी हॉकी. कंबर कुठे ठेवावी कळत नव्हतं. खळं आटोपलं आणि पाय मोकळे झाले. मोसमाच्या शेवटी आमचा जो खेळ खुलला म्हणून गोंदियात बोलबाला झाला, तो खरं म्हणजे धान लवकर निघाल्याचा परिणाम होता. पण श्रेय घ्यायला पुढे येणारा नेहमी बूट घातलेला असतो.

त्या जिंकण्याच्या जोरावर आम्हाला नागपूरच्या मोठ्या टूर्नामेंटला जायला मिळालं. जायच्या आधी फोरमनसाहेबांनी आम्हा दोघांना शेडमध्ये बोलावलं. म्हणाले, ‘‘एक जगह खाली है, पक्की. नागपूर में जो खेल दिखायेगा, मैं बड़े साहब से उसका नाम बोलूँगा. दो नहीं, एक.’’

जागा एक, आम्ही दोघं. बाहेर आल्यावर आम्ही रूळ ओलांडून बांधाला लागलो. मग तो म्हणाला, ‘‘पाहू बे, कोनाच्या नशिबात आहे तं.’’

आमच्या घरी ही बातमी कळली आणि माझ्या बाने बाजारात तुरी असतानाच भांडण मांडलं. नवेगाव बांधाकडचं एक घर मला मुलगी द्यायला तयार होतं, पण मुलीच्या बापाची एकच अट. म्हणाला होता, ‘‘रेल्वेत लागला का वैशाखात लग्न लावून देऊ. शेतीवर मी पोरगी देत नाही, शेती माह्याकडंही आहे.’’ त्याला बाने जाऊन सांगितलं, लागलाच समजा. गोंदियात आमच्या टीमचं नाव चाललंच होतं, मुलीच्या बापानेही ते नॅरोगेजच्या छोट्या गाडीत कोणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. झालं, नागपूरला जायच्या आधीच साक्षगंध उरकलं. मुलीच्या ओटीत साडी पडली, पेढे वाटले गेले. ती खाली मान घालून बसली नाही. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या सोललेल्या नडग्यांकडे पाहिलं, आणि हसू दाबलं. मला ती आवडली. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्या घरी बापच उतावळा होता, आणि खोटं कशाला बोलू, मीही काही कमी नव्हतो.

साक्षगंधाच्या पंगतीत माझा शेजारी वाढायला होता. त्याने मला आग्रह करून जास्तीचा पेढा खाऊ घातला.

नागपूरला जाताना गाडीत तो माझ्या बाजूला येऊन बसला. पहिले सामने सोपे होते, ते निघतील हे दोघांनाही माहीत होतं. खरी गोष्ट सेमीफायनल आणि फायनल. तो म्हणाला, ‘‘आपून दोघंही चेंडू धरून बसलो तं दोघंही मरू. एक सांगू का? सावड करू.’’

सावड म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. आज तुमच्या घरची माणसं माझ्या बांधीत धानाची रोपं लावतील, म्हणजे रोवणी करतील, उद्या माझ्या घरची तुमच्या बांधीत. मजुरी कोणी देत नाही, कोणी मागत नाही. पण ज्याने सावड मोडली त्याच्या बांधीत पुढच्या वर्षी कोणी पाय ठेवत नाही. भावाभावांत कज्जे होतात, सावड मोडत नाही.

‘‘सेमीत तू मले दे,’’ तो म्हणाला, ‘‘फायनलले मी तुले देईन. पहिल्या दिवशी माही बांधी, दुसऱ्या दिवशी तुही.’’

मी हो म्हटलं. उदारपणाने म्हटलं असं कोणी समजू नये. मी मनात हिशेब केला की फायनलचा गोल सेमीपेक्षा मोठा, मोठा साहेब फायनललाच येणार, म्हणजे चांगली बांधी माझ्या वाट्याला आली. मी काही धर्मराज नव्हतो. सौदा मला फायद्याचा वाटला म्हणून मी केला. पण एकदा केला म्हटल्यावर तो पाळायचा असतो, एवढं मला माझ्या बाने शिकवलं होतं.

सेमीफायनल नागपूरच्याच एका तगड्या टीमशी पडली. त्यांचे बॅक दांडगे. पहिला अर्धा वेळ आम्हाला त्यांनी आमच्या अर्ध्यातून बाहेर येऊ दिलं नाही. दुसऱ्या अर्ध्यात ते दमले. सामना संपत आला होता, गोल कोणाचाच नव्हता, आणि मला मैदानाच्या मध्यावर चेंडू मिळाला. मी एक बॅक चकवला, दुसरा घसरून पडला. मी गोलसमोरच्या डीमध्ये शिरलो तेव्हा त्यांचा गोली अंगावर धावून आला. मी चेंडू उजवीकडे घेतला, तो डावीकडे पडला. पुढे रिकामा गोल होता. चेंडू गोलातल्या फळीवर आपटल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा बाकी होता.

तेव्हा डाव्या कडेने माझा शेजारी ओरडला. माझं नाव नाही घेतलं. ‘‘सावड,’’ एवढंच म्हणाला.

मी दिला. त्याच्या स्टिकवर नेमका दिला, लेकराला घास द्यावा तसा. त्याला फक्त स्टिक टेकवायची होती, ती त्याने टेकवली. आम्ही जिंकलो. गोंदियाहून आलेल्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. फायरमन माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘पागल है क्या? सामने गोल था.’’ मी त्याला काय सांगणार? तो रेल्वे कॉलनीतला माणूस, सावड त्याला कशी कळावी.

मोठा साहेब फायनललाच येणार हा माझा हिशेब होता. तो सेमीलाच येऊन गेला. चहा संपवून तंबूच्या बाहेर आला तेव्हा गोल झालेला होता आणि लोक नाचत होते. त्याने फोरमनसाहेबांना विचारलं, कोणी मारला? त्यांनी दाखवलं. तो म्हणाला, याला घेऊन टाका. एवढंच. माझ्या जन्माचा फैसला व्हायला याहून जास्त वेळ लागला नाही.

हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. फोरमनसाहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. मग मला बाजूला घेतलं. मघाशी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, ‘‘मैंने देखा है किसका गोल था. आज तू मार दे. बड़ा साहब आज भी आयेगा. मैं बोलके दूसरी जगह निकलवाऊँगा.’’

मला धीर आला. मी विचार केला, त्याचं तर झालं. आता त्याला काही मिळवायचं नाही, काही गमवायचं नाही. आज तो मला डोळे मिटून देईल. त्याची नोकरी पक्की झाली याचा मला त्या घटकेला खराखुरा आनंद झाला. माझ्या भोळेपणाची आठवण काढायची झाली तर मला तीच सकाळ आठवते.

फायनलला गर्दी दाट होती. बरोबरीचा सामना चालला, एक गोल त्यांचा, एक आमचा. आमचा गोल पेनल्टी कॉर्नरवर फिटरने मारला, त्यात आम्हा दोघांचा काही संबंध नव्हता. मग शेवटाकडे माझ्या शेजाऱ्याला कडेने चेंडू मिळाला. तो सुटला. असा धावला की त्यांचा बॅक मागेच राहिला. मी मधून त्याच्या बरोबरीने पळालो. डीमध्ये मी एकटा उभा होतो, माझ्याजवळ कोणी नव्हतं, गोली त्याच्याकडे सरकला होता. त्याने मान वर करून मला पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायला जागाच नाही. मी ओरडलो नाही, ओरडायची गरज वाटली नाही.

त्याने स्वतःच मारला. त्या कोपऱ्यातून गोल होणारच नव्हता. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. त्यावरूनच त्यांनी चढाई केली आणि गोल केला. आम्ही हरलो. मोठा साहेब शेवटपर्यंत बसला होता, पण त्याला माझ्यात पाहण्यासारखं काही मिळालं नाही.

शिट्टी वाजल्यावर मी शेजाऱ्याकडे गेलो. मला रडू येत होतं आणि त्याला मारावंसंही वाटत होतं. मी विचारलं, ‘‘काऊन नाही देल्ला?’’

तो पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उभा होता. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, ‘‘चेंडू माह्या हॉकीवर होता, गोल दिसून राहिला होता. मंग मी कायले देऊ?’’

‘‘सावड ठरली होती.’’

‘‘थे रोवनीत असते, बे,’’ तो म्हणाला. ‘‘हे हॉकी आहे.’’

या वाक्यावर मी पुढे कितीतरी वर्षं उत्तर शोधलं. तो खोटारडा असता तर बरं झालं असतं. त्याने डोळे चुकवले नाहीत, आवाज खाली केला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. आदल्या दिवशी माझ्या पुढ्यात उघडा गोल असताना सावड होती, आणि त्याच्या पुढ्यात चेंडू आला तेव्हा हॉकी झाली. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

मोसम संपला. मला ‘घर जाओ’ म्हटलं गेलं, मी घरी आलो. बा उठला. बैलांना पाणी दाखवायला गेला आणि तिकडेच बसून राहिला. मायने मात्र तोंड सोडलं, ‘‘समोरचा गोल सोडून दुसऱ्याले देते का कोनी? पोटचं काढून देल्लं तुनं.’’ तिला हॉकीतलं काही कळत नव्हतं, पण अख्ख्या गोंदियात तिच्याइतकं नेमकं कोणी बोललं नाही.

फाल्गुनात मुलीचा बाप आला. आमच्या ओसरीवर बसला, पाणी प्याला, साडी परत ठेवली. म्हणाला, ‘‘पोरगी तं रेल्वेवाल्यालेच द्याची आहे, पहिलेच सांगतलं होतं. तुमच्यावर राग नाही.’’ राग त्याने करायचा की आम्ही, हे विचारायचं बाला सुचलं नाही. मग तो उठला आणि शेजारच्या ओसरीवर गेला. आमच्याकडे पाणी प्याला होता, तिथे चहा प्याला. मी आमच्या दारात उभा राहून कपबशीचा आवाज ऐकत होतो. भिंत एकच होती.

लग्न वैशाखात ठरल्याप्रमाणे झालं, फक्त नवरा बदलला. शेजारी वऱ्हाडासाठी आमची बंडी, म्हणजे बैलगाडी, मागायला आले. सावडीत बंडी नाही म्हणता येत नाही. बाने ती जुंपली आणि स्वतः हाकली. तेव्हा इंग्रजांची जर्मनीशी लढाई सुरू झाली होती, बिरशीला सरकार विमानांसाठी धावपट्टी बांधत होतं, आणि लग्नाच्या दिवशी मी तिथे डोक्यावर मुरमाची घमेली वाहत होतो. मुकादम ओरडत होता, चल बे, हात चला. त्याचं ओरडणं मला बरं वाटत होतं. लग्नातल्या वाजंत्रीपेक्षा ते ऐकणं सोपं होतं.

माझा शेजारी शेडमध्ये निळे कपडे घालून जाऊ लागला. रस्त्यात भेटला की बोलायचा, तब्येत विचारायचा. एकदा म्हणाला, पुढच्या मोसमाले ये ना गड्या, तुह्याशिवाय मजा नाही येत. मी गेलो नाही. ऐकलं की पुढच्या मोसमात टीम शेवटपर्यंत हरतच राहिली, आणि त्याला एकदाही चांगला चेंडू मिळाला नाही. याचा मला आनंद झाला. मन मोठं असतं तर झाला नसता, पण ते मी नागपूरला देऊन आलो होतो.

त्याआधी, लग्नाच्याच वर्षी, पाऊस लागल्यावर रोवणी आली. आदल्या दिवशी माय शेजाऱ्यांच्या बांधीत रोवणी करून आली होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून आमच्या बांधीत माणूस येणं होतं. मी चिखलात उभा राहून पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंढ्या टाकत होतो. बांधावरून एक बाई आली. पदर खोचला, पाय चिखलात टाकले. ती होती.

‘‘थे ड्युटीवर गेले,’’ ती म्हणाली. ‘‘घरून एक मानूस येनं होतं, म्हून मले पाठवलं. कोनत्या कोपऱ्यापासून धरू?’’

मी कोपरा दाखवला. ती दिवसभर आमच्या बांधीत वाकून रोवत राहिली. हात चांगला होता, ओळ सरळ जात होती. मी तिच्या पुढ्यात पेंढ्या टाकत राहिलो. संध्याकाळी तिने नाल्याच्या पाण्यात पाय धुतले आणि बांधाबांधाने त्याच्या घरी गेली. बाने भरलेल्या बांधीवरून नजर फिरवली आणि समाधानाने म्हणाला, ‘‘चला, त्यायची सावड फिटली.’’